गडग्यावरची मान

आमच्या आणि माईंच्या आगरात फक्त एक गडगा आहे. काळ्या दगडांचा, चुन्यामातीशिवाय रचलेला, छातीइतका उंच. गेल्या तीस वर्षांत त्यावरून कढीपत्ता, विरजण, फणसाची भाजी, एकदा भरलेलं गॅसचं सिलिंडर आणि गावातल्या झाडून सगळ्या बातम्या अलीकडच्या पलीकडे झाल्या आहेत. गेल्या वैशाखात मात्र त्या गडग्यावर आठ दिवस एकच विषय पुरला. माझी मान.

झालं काय, सकाळी दूधवाल्याने हाक मारली म्हणून वळले आणि मानेत अशी काही चमक भरली की हातातलं पातेलं पायावर. तेव्हापासून डावीकडे बघायचं म्हटलं की अख्खी मीच डावीकडे वळायची, स्टँडवर एसटी मागे घेतात तशी, तीन-चार दमांत. तशीच गडग्याशी गेले. माई फुलं काढत होत्या. परडी दगडावर ठेवून त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"काय गो, मान धरली?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? नव्या नवरीसारखी चाललीयेस. एवढी मर्यादा लग्नाच्या दिवशीसुद्धा दाखवली नव्हतीस. काल काय केलंस?"

"काहीच नाही हो."

मान दुखणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच सांगतो. माई कसल्या ऐकतात. त्यांनी पोलिसासारखी उलटतपासणी घेतली आणि दहा मिनिटांत माझा आदला दिवस गडग्यावर मांडला. सकाळी दोन तास झेल्याने आंबे काढले, म्हणजे मान पाठीवर टाकून आभाळाकडे. दुपारी आढी लावली, म्हणजे मान छातीवर. रात्री पलंगावर आडवी होऊन, पाठीशी दोन उश्या घेऊन, मोबाइलवर तासभर नातवाशी गप्पा.

"सकाळी देवाकडे, दुपारी गवताकडे आणि रात्री नातवाकडे," माई म्हणाल्या. "मधल्या वेळात मान जागेवर कधी ठेवलीस ते सांग."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मान हलवून 'नाही' म्हणावं तर तेही जमेना.

मान दुखते हे एकदा चारचौघांत कळलं की मग आपल्याला घरी बसून काही करावं लागत नाही. औषध चालत येतं. दुपारपर्यंत माझ्याकडे खड्या मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला, तीन वेगवेगळे बाम आणि एक अर्धी संपलेली तेलाची बाटली एवढा ऐवज जमला होता. माईंचे यजमान अण्णा गडग्यावरून सल्ला देऊन गेले, "उशी काढून टाक. आमच्या वडिलांनी जन्मात उशी घेतली नाही." कोपऱ्यावरच्या बँकवाल्या वहिनी म्हणाल्या, "उलट जाड उशी घ्या." संध्याकाळी आमच्या ह्यांनी निकाल दिला, की हे सगळं त्या मोबाइलमुळे. स्वतः ते त्या वेळी मोबाइलमध्येच बघत होते, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी माईंनी रामबाण काढला. खालच्या वाडीतले आबा पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेले. उसण भरली, लचक भरली की पायाळू माणसाने दुखऱ्या जागी पाय लावायचा, की दुखणं उतरतं, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. आता कमरेला पाय लावणं वेगळं. मानेला लावायचा तर मला ओटीवर पालथं पडणं आलं. पडले. आबांनी आधी "माफ करा हो वहिनी" म्हटलं, मग डाव्या पायाचा अंगठा तीन वेळा मानेला टेकवला आणि चहा पिऊन गेले.

"मान गेला माझा," मी माईंना म्हटलं.

"मान गेला तरी चालेल, मान राहू दे," माई म्हणाल्या.

आणि खरं सांगते, तिसऱ्या दिवशी पंचवीस टक्के बरं वाटलं. पाचव्या दिवशी पाऊण मान वळायला लागली. आबांचं नाव पुन्हा एकदा दोन्ही वाड्यांत झालं आणि त्यांच्याकडे डझनभर हापूस गेले.

शनिवारी माईंची भाची आली. ती चिपळुणात फिजिओथेरपी करते. ती आंब्यांसाठी येते असं तीच सांगते, म्हणून मीही सांगते. आल्याबरोबर माईंनी तिला माझी आणि आबांची कथा तिखटमीठ लावून ऐकवली. मला वाटलं पोरगी हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "काकू, आबांनी काही बिघडवलं नाही ना? मग जाऊ द्या. अशी अचानक धरलेली मान बहुतेकांची चार दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत आपली आपणच सुटते. त्या दिवसांत ज्याने जे केलं, त्याला श्रेय. पाय लावला तर पायाला, बाम लावला तर बामला, माझ्याकडे आलात तर मला. म्हणून तर आमचा धंदा चालतो."

मला हे उत्तर फार आवडलं. स्वतःच्या धंद्याबद्दल इतकं खरं बोलणारी माणसं कमी.

मग ती गडग्यावर बसली आणि आंबा चोखता चोखता आम्हाला मान समजावून सांगायला लागली. मानेत मणके सात. जिराफाच्या मानेतही सातच, फक्त त्याचे लांबडे. त्यातल्या सगळ्यात वरच्या मणक्याला डॉक्टर ॲटलस म्हणतात. आपल्या पुराणात शेषाच्या डोक्यावर पृथ्वी, तसं ग्रीकांच्या पुराणात ॲटलसच्या खांद्यावर आभाळ. ह्या मणक्याच्या खांद्यावर आपली कवटी. कवटी आणि ॲटलस ह्यांच्यातला सांधा मुख्यतः 'हो' म्हणायला. ॲटलस आणि त्याच्या खालचा मणका ह्यांच्यातला सांधा 'नाही' म्हणायला, मानेचं जवळजवळ अर्धं वळणं एवढ्या एका सांध्यात होतं.

"सासूबाईंच्या राज्यात माझा वरचाच सांधा वापरात होता," माई म्हणाल्या. "खालचा तेव्हाच गंजला असणार."

डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. हापूसच्या भाषेत दीड डझन आंबे. हे दीड डझन ताठ मानेवर तोललेले असले की स्नायूंना फारसं काही करावं लागत नाही. पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागतात. न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज नावाच्या सर्जनने २०१४ साली ह्याचा हिशेब मांडला होता. त्याच्या हिशेबाने मान पंधरा अंश झुकली की मणक्यांवर १२ किलोंचा भार, तीस अंशांत १८, आणि साठ अंशांत २७. आपण मोबाइल मांडीवर ठेवून बघतो तेव्हा एवढीच झुकते. पाच डझनी पेटीत आंबे साधारण पंधरा किलो भरतात, म्हणजे नातवाशी बोलताना मी मानेवर जवळजवळ दोन पेट्या घेऊन बसले होते.

हे आकडे ऐकून आमचे हे विजयी मुद्रेने गडग्याजवळ आले. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

पण भाची म्हणाली, "काका, तो संगणकावर मांडलेला हिशेब आहे, माणसांच्या मानेत काटा घालून केलेलं वजन नव्हे. आणि भारानेच मान मोडत असती तर माथाडी कामगारांची एकाचीही मान जागेवर नसती." खरंच आहे. डोक्यावरून ओझं नेतात म्हणून त्यांना माथाडी नाव पडलं आणि १९६९ साली आपल्याकडे त्यांच्यासाठी माथाडी, हमाल कायदा झाला. त्यांच्या मानेची झीज होत नाही असं नव्हे, होते आणि चांगलीच होते. पण वाकून मोबाइल बघितला म्हणून उद्या मान निकामी होणार, असं नाही. माझ्या लहानपणी आम्ही विहिरीवरून हंडा आणि त्यावर कळशी आणायचो. डोक्यावर चुंबळ, पाठ ताठ, नजर समोर, आणि पाय चालते. भाचीचं म्हणणं पडलं, की मानेला ओझं परवडतं, वाकणंही परवडतं, परवडत नाही ते एकाच जागी अडकून पडणं. "सगळ्यात चांगली बसण्याची पद्धत कुठली, असं पेशंट विचारतात. मी सांगते, पुढची. आत्ता बसलाय त्याच्या पुढची."

तिच्या सांगण्याप्रमाणे विचार केला तर माझा तो आदला दिवस सबंध अडकून पडलेला होता. दोन तास वर, दोन तास खाली, एक तास वाकडी. मधे एकदाही मान इकडेतिकडे फिरवून घ्यावी असं सुचलं नाही. वरचा आंबा दिसत असताना कुणाला सुचतं?

इथे माईंची गोष्ट सांगायला हवी, कारण मानेच्या बाबतीत त्या मला वडील आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची मान दुखायला लागली ती थांबेचना. एक्सरे काढला. त्यावर लिहून आलं ते अण्णांनी मोठ्याने वाचलं: मणक्यांमधलं अंतर कमी, कडांना हाड वाढलेलं, स्पॉन्डिलोसिस. गावात त्याचं अर्ध्या दिवसात स्पॉन्डिलायटिस झालं आणि संध्याकाळपर्यंत 'माईंचे मणके झिजले' एवढंच उरलं. कुणीतरी गळ्याचा पट्टा आणून दिला. माईंनी तो चार महिने लावला. झोपतानासुद्धा. भजनाला जाणं बंद, कारण झांजेला मान डोलते. एसटीत बसणं बंद. खाली वाकून तुळशीला पाणी घालणं बंद. आमच्या गडग्यावर त्या यायच्या त्या सरकारी दूतासारख्या, ताठ, आणि बोलायच्या फक्त मणक्यांबद्दल. दुखणं मात्र जिथल्या तिथे, वर चक्कर येईल ही भीती.

तेव्हाही दिवाळीला ही भाचीच आली होती. पट्टा बघून तिने कपाळाला हात लावला. "आत्या, तुझे केस पांढरे झाले, त्याचं औषध घेतेस का? मग मणक्यांनाच का सुरकुत्या पडायच्या नाहीत?" तिने एक जपानी संशोधन सांगितलं होतं, २०१५ साली छापलेलं. मानेची काही तक्रार नसलेल्या १२११ धडधाकट माणसांच्या मानेचे एमआरआय काढले. विशीपासून सत्तरीपर्यंतची माणसं. त्यांतल्या ८७ टक्क्यांहून अधिक लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या थोड्याफार फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या पोरांतही बहुतेकांच्या. कुणाचंही काही दुखत नव्हतं.

माईंनी ते ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मग माझं दुखतं ते काय खोटं?"

खोटं नाही. दुखणं खरंच असतं, फक्त एक्सरेत दिसतं तेच दुखतं असं नाही. स्नायू आखडतात, सांधे अवघडतात, झोप मोडते, आणि भीतीने माणूस मान हलवायचं सोडतो. मग न हलवल्याने ती आणखी आखडते. पट्ट्याने नेमकं हेच होतं. प्लास्टर काढल्यावर हात कसा काटकुळा निघतो, तशी पट्ट्यातली मान दुबळी होते. अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बांधला तर गोष्ट वेगळी. रोजच्या दुखण्याला मात्र तो कामाचा नाही. माईंनी पट्टा काढला, पहिले आठ दिवस मान गळ्यात पडेल असं त्यांना वाटत होतं, ती पडली नाही. पुढच्या कार्तिकी एकादशीला त्या झांज घेऊन पुढच्या रांगेत होत्या.

त्या शनिवारी मला भाचीने तिथेच, गडग्याच्या ह्या बाजूला उभं करून, तीन गोष्टी करायला लावल्या. पहिली, हनुवटी आत ओढायची. ही सांगायला सोपी आणि जमायला अवघड. मी आधी मान खाली घातली, मग वर केली, मग खांदे उडवले. शेवटी माईच म्हणाल्या, "अगो, तुझ्यापुढे कुणी सुक्या बोंबलांची जुडी धरली तर तुझं तोंड कसं सरळ मागे जातं? तसं." लगेच जमलं. आम्ही त्या व्यायामाला आता बोंबील म्हणतो. दुसरी, तळहात कपाळाला लावायचा, कपाळाने हात ढकलायचा आणि हाताने कपाळ. दोघांनीही हरायचं नाही, पाच-सहा सेकंदं. मग तसंच मागून, मग दोन्ही बाजूंनी. अण्णा हे बघून म्हणाले, की हे तर आमचं पन्नास वर्षांचं लग्न. तिसरी, खांद्याच्या पाती मागे जवळ आणायच्या आणि सोडायच्या. दुखतंय तेवढ्यापर्यंत जायचं, त्याच्या पुढे दामटायचं नाही, पण दुखतंय म्हणून थांबायचंही नाही.

"आणि किती वेळ?" मी विचारलं. मला वाटलं अर्धा तास सांगेल आणि मी सुटेन. डेन्मार्कमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या १९८ जणांवर केलेला प्रयोग तिने सांगितला. रबराची लवचीक पट्टी धरून हात बाजूंना उचलायचे. काहींनी रोज बारा मिनिटं, काहींनी फक्त दोन मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, दहा आठवडे. दोन मिनिटांवाल्यांचंही दुखणं चांगलंच उतरलं. दोन मिनिटांत आमच्याकडे आमटीला उकळी येत नाही, तेव्हा वेळ नाही ही सबब गेली. आता आमटी चुलीवर चढली की माझा बोंबील सुरू.

शेकायचं म्हणाल तर शेका, बरं वाटत असेल तर. मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, काहीही, फक्त कातडी भाजू नका. उशीचं भांडण तिने एका वाक्यात मिटवलं. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांदा आणि कान ह्यांच्यातली जागा भरेल एवढी, उताणं झोपणाऱ्याची त्याहून पातळ, आणि पालथं झोपायचं नाही, कारण रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. माझी सावरीच्या कापसाची उशी मधे दबून पापड झाली होती. मी पंचाची गुंडाळी करून मानेखाली घेते. एवढ्यासाठी बाजारातल्या दोन-दोन हजारांच्या उश्या घेऊ नयेत असं माझं मत. गोळ्यांच्या बाबतीत मात्र भाची कडक होती. माई रक्तदाबाच्या, त्यांनी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने आठवडाभर खाल्ल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच रक्तदाब वाढवतात, पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

अण्णांचं प्रकरण वेगळंच निघालं. त्यांची मान गेल्या गणपतीपासून दुखत होती, तेल लावून लावून उशीचे अभ्रे पिवळे झाले. भाचीने त्यांना म्हटलं, "काका, संगणकावर पत्ते खेळता तसे बसा." बसले. चष्मा दोन भिंगांचा. जवळचं दिसतं ते खालच्या भिंगातून, आणि संगणकाचा पडदा समोर. तेव्हा अण्णा हनुवटी वर उचलून, मान मागे टाकून, नाकाखालून पडद्याकडे बघत होते, रोज तीन तास. पडदा खाली घेतला आणि संगणकापुरता वेगळा एका भिंगाचा चष्मा केला. महिन्याभरात तेल बंद. बँकवाल्या वहिनींची मान तर दरवर्षी मार्चमध्ये दुखते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बरी होते. एकतीस मार्चला त्यांचे खांदे कानांना टेकलेले असतात, मी बघितलेत. झोप नाही, वर साहेबाचा दम. मानेच्या दुखण्यात मनाचा वाटा केवढा असतो ते त्यांच्या कॅलेंडरवरून कळतं. आणि त्याच वहिनी स्कूटरवरून जाताना फोन कान आणि खांदा ह्यांच्यात चेपून, मान काटकोनात मोडून बोलत जातात, हेही सांगून टाकते. त्या हे वाचतील तर वाचू देत.

एका गोष्टीवर भाची चिडली आणि तिचा आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला असेल. अण्णांना केस कापल्यावर न्हाव्याकडून मान कटकन मोडून घ्यायची सवय. एका झटक्यात डावीकडे, एका झटक्यात उजवीकडे. बरं वाटतं म्हणे. मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि त्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी होऊन मेंदूचा रक्तपुरवठा अडू शकतो. क्वचितच होतं, पण ज्याचं होतं त्याची एक बाजू जाऊ शकते. नुसतं पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुवून घेतल्यावर पाच बायकांना झटका आल्याची नोंद अमेरिकेतल्या एका डॉक्टरने १९९३ साली केली होती. "पायाळू आबांचा पाय मानेला लावून घ्या, शंभरदा लावा," ती अण्णांना म्हणाली, "पण मान कुणाच्या हातात देऊ नका."

दुसरी गोष्ट सांगताना ती चिडली नाही, गप्प झाली. ती आमच्या सगळ्यांच्या माहितीतली. माईंचे एक दीर राजापूरकडे असतात. त्यांचीही मान दुखायची, सगळे म्हणाले स्पॉन्डिलायटिस, तेल चोळत राहिले. मग त्यांच्या हातून चहाचा कप सुटायला लागला. सदऱ्याची बटणं लावायला बायको लागायची. चालताना पाय जमिनीवर नीट पडत नाही, कापसावर चालल्यासारखं वाटतं म्हणायचे, आणि लोक म्हणायचे वय झालं. आठ महिने गेले. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आला होता. शस्त्रक्रिया झाली, पुढचं बिघडणं थांबलं, पण बोटांतली गेलेली ताकद पुरती परत आली नाही. गौरीला ते येतात तेव्हा माई त्यांना कपबशीत न देता पेल्यात चहा देतात. त्यावर कुणी बोलत नाही.

म्हणून हे मी मुद्दाम लिहिते, गप्पा बाजूला ठेवून. मान दुखतेय आणि हाताची ताकद कमी झालीय, बारीक कामं जमत नाहीत, चालताना तोल जातोय, लघवीवरचा ताबा गेलाय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखायला लागली, किंवा ताप, कडक मान आणि जबर डोकेदुखी एकत्र आली, तरी तसंच. वजन उगाच उतरतंय किंवा पूर्वी कर्करोग झालेला आहे, तरीही थांबू नका. आणि मानेबरोबर छाती, जबडा, डावा हात दुखून घाम फुटला तर ते मानेचं दुखणं नव्हेच, बाम शोधत बसू नका, गाडी बोलवा. दंडापासून अंगठ्यापर्यंत मुंग्या उतरत असतील तर घाबरण्यासारखं सहसा नसतं, मानेतून निघणारी नस चेपल्याने होतं आणि बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत-महिन्यांत निवळतं, पण एकदा तपासून घ्यावं.

भाची सोमवारी गेली, दोन पेट्या घेऊन. मानेवर नव्हे, एसटीच्या टपावर. जाताना मला म्हणाली, "काकू, पुन्हा धरेल हं. मानेचं असंच असतं, येऊन जाऊन. धरली की घाबरायचं नाही आणि आंबे काढताना दर दहा आंब्यांनी एकदा खाली बघायचं." माझी मान आठव्या दिवशी पूर्ण वळली. पहिल्यांदा वळून मी बघितलं ते डावीकडे, माईंच्या आगरात, कारण सबंध आठवड्यात तिकडे काय चाललंय ते मला नीट दिसलं नव्हतं. आबा अजून सांगतात की त्यांनीच उतरवली. मी मान डोलावते, वरच्या सांध्याने.

राहता राहिला माईंचा पट्टा. चांगला जाड फोमचा आहे, टाकवत नव्हता. अण्णांनी तो यंदा झेल्याच्या बांबूला, हात धरतो तिथे, सुतळीने घट्ट बांधलाय. तळहाताला फोड येत नाहीत.